रॅम किंवा डिस्क वाढवण्याआधी

८ जीबी रॅम बसवली, पण कॉम्प्युटर म्हणतो सव्वातीनच वापरता येईल. ४ टीबीची डिस्क जोडली, तर तिचा अर्धा भाग हातीच लागत नाही. अशी तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, विंडोज कुठलं टाकलंय? कारण घेतलेली वस्तू बहुतेक वेळा चांगली असते, अडतं ते ऑपरेटिंग सिस्टिमपाशी.

रॅमचंच बघा. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. ३२-बिट विंडोजकडे असे पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर ४ जीबीचे. त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर जोडण्यांसाठी राखलेले असतात, म्हणून उरतात तीन-साडेतीन जीबी. अशा मशीनमध्ये आणखी रॅम घालणं म्हणजे पैसे वाया. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथे अबाउट उघडा. 'सिस्टिम टाइप'पुढे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम पण एक्स६४ प्रोसेसर असं दिसलं, तर प्रोसेसर सक्षम आहे, विंडोज ६४-बिट टाकायचं राहिलंय. मात्र ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही. सगळं नव्याने टाकावं लागतं, त्यामुळे बॅकअप आधी. विंडोज ११ मध्ये हा प्रश्नच नाही, ते ६४-बिटच येतं.

६४-बिटलाही मर्यादा आहेतच, पण त्या एडिशननुसार ठरतात. विंडोज १० होम १२८ जीबीपर्यंत रॅम घेतं, प्रो २ टीबीपर्यंत. घरच्या कामात तिथवर कोणी पोचत नाही. त्याआधी मदरबोर्डच हात वर करतो. विंडोज ७ होम प्रीमियम मात्र १६ जीबीवरच थांबतं.

प्रोसेसरबाबत एकच लक्षात ठेवा: होम एडिशन एकच सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) वापरतं, प्रो दोन. जुनं दोन प्रोसेसरवालं वर्कस्टेशन घेऊन त्यात होम टाकलं, तर दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. एकाच प्रोसेसरच्या आत काम वाटून घेणारे जे कोअर असतात, त्यांची गोष्ट वेगळी, ते सॉकेटमध्ये मोजले जात नाहीत.

डिस्कचं कोडं एमबीआर या, डिस्कच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. तीत सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांचा आणि सेक्टर ५१२ बाइटचा, की हिशेब २ टीबीला संपला. जीपीटी ही नवी पद्धत लावली की अडचण सुटते. पण डिस्क मॅनेजमेंटमधून ते करायला डिस्क रिकामी लागते, आणि त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचं तर मशीनला यूईएफआय, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर हवं.

१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले, तर ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही मोठा व्हिडिओ जात नसेल, तर तो ड्राइव्ह फॅट३२ या, फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असणार. तिथे एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचू शकत नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या, फक्त जुने टीव्ही ते कधीकधी वाचत नाहीत.

रॅम किंवा डिस्क विचारायला येताना अबाउट स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून आणा. मदरबोर्डचं मॉडेल माहीत असेल तर तेही.