बुद्ध्यांक 100 म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा विभाग असतो. गटात न बसणारे पद ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, सांकेतिक भाषा उलगडा. नाशिक जिल्ह्यातली कितीतरी मुले त्याचे सराव संच सोडवतात, आणि 'बुद्धिमत्तेला किती पडले?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्यामुळे पुढे कधी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल हाती आला आणि त्यात 'बुद्ध्यांक 100' दिसले, तर ते पैकीच्या पैकी म्हणून वाचले जाते. 92 असतील तर आठ गुण कुठे गेले, अशी काळजी सुरू होते. बुद्ध्यांक हे गुणच नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. त्यामुळे आकडा पाहिल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा तो असा की रांग कोणाची?

सीईटीचा पर्सेंटाइल ज्यांना कळतो त्यांना हे पटकन कळेल. तिथे 84 पर्सेंटाइल म्हणजे 84 टक्के उत्तरे बरोबर असे कोणी म्हणत नाही; 84 टक्के विद्यार्थी मागे, असा त्याचा अर्थ. बुद्ध्यांकाचेही तसेच. चाचणी तयार करताना ती आधी प्रत्येक वयोगटातल्या पुष्कळ मुलांना देतात. त्या गटाच्या सरासरीला 100 हे नाव दिले जाते आणि गुणांच्या पसरटपणाचे एक माप, म्हणजे एक प्रमाण विचलन, 15 अंकांइतके धरले जाते. समजा नऊ वर्षांच्या मुलांची सरासरी 28 आणि प्रमाण विचलन 6 आहे. नऊ वर्षांच्या मुलीला 34 गुण मिळाले, तर ती सरासरीच्या एक विचलन वर, म्हणून बुद्ध्यांक 115. अकरा वर्षांच्या मुलांची सरासरी 40 असेल आणि विचलन तेवढेच, तर तेच 34 गुण मिळवणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यांक 85. उत्तरे तितकीच बरोबर, पण रांग बदलली. या मोजणीत साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 मध्ये येतात आणि 130 च्या वर दोन टक्क्यांहून थोडे अधिक. सरासरी 100 येते कारण ती 100 यावी अशीच आखणी असते. आपल्या गावाचा बुद्ध्यांक 100 निघाला यावरून गाव हुशार की मागे, काहीच सिद्ध होत नाही.

सुरुवातीला हिशेब वेगळा होता. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, ती शाळेत कोणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. कोण जन्मतः किती हुशार हे ठरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. पुढे 1912 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची रीत सुचवली. आठ वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाइतके सोडवत असेल तर दहा भागिले आठ, गुणिले शंभर, म्हणजे 125. लहान मुलांना हे बरे लागू पडते, पण चाळिशीच्या माणसाचे मानसिक वय पन्नास म्हणजे काय, याला अर्थच उरत नाही. म्हणून 1939 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्स्लर यांनी रांगेतल्या जागेची पद्धत रूढ केली.

प्रत्यक्ष चाचणी कशी चालते हे पाहिले की आकड्यावरचा आंधळा विश्वास आपोआप कमी होतो. आकडे लक्षात ठेवण्याचा भाग घ्या. परीक्षक सेकंदाला एक या गतीने, सपाट आवाजात म्हणतो: सात, दोन, नऊ, चार, एक. मुलाने तसेच परत म्हणायचे, पुढच्या फेरीत उलट. परीक्षकाने मोबाइल नंबर सांगतात तसे 'बहात्तर, चौऱ्याण्णव, एक' म्हटले की पाच आकड्यांचे तीनच तुकडे होतात आणि काम सोपे होऊन जाते. उलट खिडकीबाहेर रिक्षाने हॉर्न दिला आणि एक आकडा निसटला, तर तीच मालिका पुन्हा म्हणायची नसते.

ठोकळ्यांचा भागही तसाच. लाल, पांढऱ्या आणि तिरक्या अर्ध्या-अर्ध्या बाजूंचे ठोकळे असतात. कार्डावरची नक्षी आधी चार आणि मग नऊ ठोकळ्यांतून जुळवायची, स्टॉपवॉच चालू असते. नक्षी बरोबर जुळली पण मुदत संपल्यावर पाच सेकंदांनी, तर त्या नक्षीचे गुण मिळत नाहीत. 'सावकाश कर, चुकवू नकोस' या शिस्तीत वाढलेले मूल इथे मागे पडते, आणि ते मंद आहे म्हणून नव्हे. झोप न झालेली असणे, चष्म्याचा नंबर वाढलेला असणे, कानात मळ असणे, ही कारणेसुद्धा गुण खाली आणतात. तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा दिली तर सरावाने आकडा वाढतो. शिष्यवृत्तीच्या सराव संचांचाही असा परिणाम होऊ शकतो, कारण आकृत्यांचे प्रश्न सारख्याच घाटाचे असतात.

नेमकेपणाचा प्रश्न वेगळाच. चांगल्या चाचणीचाही पूर्ण आकडा पाच-सहा अंक इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून 98 म्हणजे ढोबळमानाने '92 ते 104 च्या दरम्यान'. 98 आणि 102 मध्ये फरक करणे, त्यावरून भावंडांची तुलना करणे, याला शास्त्रीय आधार नाही.

आता रांग कोणाची, आणि कधीची? बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांची माहिती जमवली, तेव्हा दिसले की जुन्या चाचण्यांवर नव्या पिढ्यांचे गुण दर दशकाला साधारण तीन अंकांनी वाढत गेले होते. एवढ्या थोड्या काळात माणसांची जनुके बदलत नाहीत. शाळा, आहार, लहान कुटुंबे, अमूर्त विचाराची सवय ही कारणे पुढे केली जातात. याचा व्यवहारातला अर्थ फार थेट आहे. तीस वर्षांपूर्वीच्या गटाशी आजच्या मुलाची तुलना केली तर त्याचा बुद्ध्यांक आठ-नऊ अंकांनी फुगू शकतो. बौद्धिक दिव्यांगत्वाची सीमा 70 च्या आसपास धरतात. ज्या मुलाची खरी जागा 66 वर आहे, त्याला जुन्या मानकांवर, म्हणजे जुन्या गटाच्या सरासरीशी ताडून, 75 मिळाले तर प्रमाणपत्र आणि त्यासोबतची मदत हातची जाऊ शकते. बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात केले. ते मोठ्या मोलाचे काम होते. पण मानके कोणत्या सालची आहेत हे अहवाल हाती घेताना विचारलेच पाहिजे.

भाषेचा फरक तर जिल्ह्याच्या जिल्ह्यात आहे. सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर बऱ्याच मुलांच्या घरी कोकणा ही बोली बोलली जाते आणि प्रमाण मराठी शाळेत भेटते. अशा मुलाला मराठी शब्दांचे अर्थ विचारले तर आपण थोडी बुद्धी आणि बरीचशी मराठी मोजत असतो. मग नुसत्या आकृत्यांची चाचणी द्यावी, असे सुचवले जाते. ती बरी, पण संस्कृतीपासून मुक्त नाही. फ्लिन यांना सर्वांत मोठी वाढ आकृत्यांच्याच चाचण्यांवर दिसली. कागदावरच्या आकृतीत नियम शोधायचा असतो, ही सवयसुद्धा शाळेनेच लावलेली असते.

देशोदेशींच्या सरासरी बुद्ध्यांकांच्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांत भारताला फार खाली दाखवलेले असते. 2002 मध्ये गाजलेल्या अशा एका यादीत 185 देश होते. त्यांतल्या 104 देशांची मोजणी झालेलीच नव्हती. शेजारच्या किंवा मिळत्याजुळत्या देशांवरून त्यांचे आकडे अंदाजाने भरले होते. वेगवेगळ्या सालांचे, वेगवेगळ्या वयांचे, छोटे छोटे गट एका रांगेत उभे केले तर ती रांगच राहत नाही.

मग हे सगळे निरर्थक का? अजिबात नाही. 1904 मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवले की एका प्रकारच्या प्रश्नांत पुढे असलेली मुले बहुधा दुसऱ्या प्रकारांतही पुढे असतात. ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. शाळेतल्या गुणांशी बुद्ध्यांकाचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने वर-खाली होतात याचे माप (पूर्ण जुळले तर 1), साधारण 0.5 येतो. त्याचा वर्ग केला की गुणांमधल्या फरकाचा पाव हिस्सा त्यातून उलगडतो. उरलेला पाऊण हिस्सा चिकाटी, घर, शिक्षक, तब्येत यांतला. मानसशास्त्रात इतका भक्कम सहसंबंध सहज मिळत नाही. त्याला कमी लेखणेही बरोबर नाही आणि त्यालाच बुद्धी म्हणणेही नाही.

कारण चाचणीची खोली आणि जगण्याची जागा एक नसते. 1985 मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. गाड्यावर गिऱ्हाइकाचा हिशेब त्यांनी 98 टक्के वेळा बरोबर केला. तीच गणिते कागदावर मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरे 37 टक्क्यांच्या आसपास आली. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराने गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठीची छाटणी) ढग आणि दव पाहून डाउनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी आज की उद्या हे ठरवणे, हाही अपुऱ्या माहितीवर, वेळेच्या दडपणाखाली केलेला तर्क आहे. त्यासाठी कोणत्याही बुद्ध्यांक चाचणीत प्रश्न नसतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या 'टेस्ट' पालकांना विकल्या जातात, त्यांना तर कसलाही शास्त्रीय पाया नाही. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

अहवाल हाती आला की आकड्याच्या आधी चार गोष्टी बघाव्यात: चाचणीचे नाव, मानकांचे साल, चाचणीची भाषा, आणि आकड्याभोवतीचा पट्टा. मग उपचाचण्या, म्हणजे चाचणीतले वेगवेगळे भाग, पाहाव्यात. शब्दांमध्ये खूप वर आणि आकडे लक्षात ठेवण्यात खूप खाली असेल, तर एकूण 95 हा आकडा त्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, ती दरी मात्र सांगते. बुद्ध्यांक 70 च्या आसपास असेल तर तेवढ्यावर निदान होत नाही. रोजच्या जगण्यातली कौशल्येही तपासावी लागतात. तेव्हा आईला विचारतात: बटणे स्वतः लावतो का? रस्ता ओलांडतो का? पन्नासची नोट घेऊन एकटा दुकानात जातो, आणि परत येताना सुटे पैसे बरोबर आणतो का?