बाई आठ सेकंद गप्प राहिल्या

"याला शिकायचंच नसतं हो." ऑटिझम असलेल्या मुलाबद्दल एखादा शिक्षक असं म्हणाला की मला आपल्या 'स्वमग्न' या शब्दाचाच राग येतो. मूल स्वतःतच बुडालेलं, मग शिकवणाऱ्याने करायचं काय, ही पळवाट त्या शब्दातच आहे.

एका वर्गात मागे बसून पाहिलेलं सांगतो. बाईंनी पारदर्शक डबा पुढे केला. आत मुलाची आवडती लाल गाडी, झाकण घट्ट. "काय करू?" मुलगा डब्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच सेकंदाला माझ्या ओठांवर 'उघड' आलं होतं. बाई मात्र गप्प. आठव्या सेकंदाला घोगरा "उ" ऐकू आला आणि बाईंनी लगेच झाकण काढलं.

शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत विज्ञानाचे तास टेप करून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत, गप्प बसणारी मुलंही बोलत. आणि 'कच्च्या' समजलेल्या मुलांना शिक्षक आणखी कमी वेळ देत! हे सर्वसाधारण वर्ग होते. ऑटिझममध्ये तर ऐकलेलं उलगडून उत्तर जुळवायलाच अनेकांना जास्त वेळ लागतो.

मग शिक्षक थांबत का नाहीत? इथे मानसशास्त्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते, ऋण प्रबलन. (ही शिक्षा नव्हे, बी.एड.च्या पेपरात हमखास होणारी चूक.) एखादी कृती केल्याने नकोशी गोष्ट थांबली, की ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. वर्गातली शांतता बाईंना बोचते, बाई उत्तर सांगून टाकतात, बोच थांबते. म्हणजे बाईंना उत्तर सांगायची सवय लागते. तिकडे मुलालाही कळतं की गप्प राहिलं तरी उत्तर येतंच. ते इशाऱ्याची वाट बघू लागतं. विशेष शिक्षक याला 'प्रॉम्प्ट डिपेंडन्सी' म्हणतात. दोघांनी एकमेकांना शिकवलं, फक्त नको ते. त्यातून बाईंचं मत पक्कं होतं, "याला जमतच नाही", आणि पुढच्या वेळी त्या आणखी कमी थांबतात.

"उ"वर डबा का उघडला? कॅलिफोर्नियात ऑटिझमवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केगल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की अचूक उच्चारालाच बक्षीस देण्यापेक्षा बोलण्याच्या प्रयत्नाला दिलं, तर मुलं जास्त शिकतात आणि जास्त रस घेतात. बक्षीसही कामातूनच यावं. 'उघड' म्हटल्यावर चॉकलेट नाही, उघडलेला डबा.

मुलाचं बक्षीस असं लगेच मिळतं. शिक्षकाचं मात्र महिनोन्‌महिने येत नाही. प्रशिक्षण शिबिरातल्या टाळ्या तोवर पुरत नाहीत. पालकही अशीच वाट बघत असतात, आणि ही पोकळी हेरूनच 'स्टेम सेलने ऑटिझम बरा' अशा जाहिराती आणि गंडेदोरेवाले पालकांच्या दारात येतात. दोन्हींना विश्वासार्ह पुरावा नाही, आणि पहिल्याचं बिल लाखांत.

या बाईंनी आपलं बक्षीस स्वतःच शोधलंय. दोनशे पानी वहीत तारीख, आवाज, सेकंद, एवढंच. मी गेलो त्या दिवशी 'उ, ८'. तीन आठवड्यांनी 'उघ, ५'. दिवाळीच्या सुट्टीनंतर 'उ, ११', आणि समोर पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'पण माझ्याकडे बघून'.