पीतबिंदू ऱ्हास, वार्धक्यजन्य : प्रतिबंध

दृष्टिपटलाच्या (डोळ्यातील मागच्या प्रकाशसंवेदी पडद्याच्या) मध्यभागी असलेल्या पिवळसर भागाची वयोमानाने होणारी झीज. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे याच भागावर चालतात. विकार सहसा पन्नाशीनंतर दिसतो. मधली नजर जाते, कडेची शाबूत राहते. मोतीबिंदूशी त्याची नेहमी गल्लत होते. मोतीबिंदू भिंगाचा असतो व शस्त्रक्रियेने दृष्टी परतते. झिजलेला पीतबिंदू मात्र पूर्ववत होत नाही.

पीतबिंदूचा पिवळा रंग हाच प्रतिबंधाच्या चर्चेचा उगम आहे. तो प्रथम कोणी पाहिला याबद्दल मतभेद आहेत. श्रेय बहुधा झ्योमरिंग (1791) यांना दिले जाते. पण इटलीतील बुझ्झी यांनी त्याआधी, 1782 च्या सुमारास, त्याचे वर्णन केले होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी गुलस्ट्रांड यांनी हा रंग मृत्यूनंतर उमटतो, जिवंत डोळ्यात नसतो, असे प्रतिपादन केले. ते टिकले नाही. हा रंग वनस्पतीतील पिवळ्या रंगद्रव्यांचा असावा, असे जॉर्ज वॉल्ड यांनी 1945 मध्ये दाखवले. पुढे 1985 मध्ये ती द्रव्ये ल्युटीन व झियाझँथिन असल्याचे बोन व लँड्रम यांनी स्पष्ट केले. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही; ती आहारातूनच येतात. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, मका व अंड्याचा बलक हे त्यांचे चांगले स्रोत. ती स्निग्धात विरघळत असल्याने तेलात परतलेली भाजी उपयुक्त ठरते.

नागपूरचा उन्हाळा 45 अंश सेल्सियसवर जातो. त्यामुळे उन्हाने पीतबिंदू झिजतो का, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात काम करणाऱ्या 838 मच्छीमारांच्या पाहणीत अतिनील किरणांशी संबंध आढळला नाही. निळ्या दृश्य प्रकाशाशी मात्र तो सूचित झाला. अतिनील किरण बहुतांशी पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व भिंगातच शोषले जातात, म्हणून पहिला निष्कर्ष पटण्याजोगा आहे. गॉगल व रुमालाचा उपयोग आहेच, पण तो मुख्यतः मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पृष्ठभागासाठी.

संत्र्याबाबत 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका दीर्घ पाहणीने लक्ष वेधले : रोज निदान एक वाटा संत्रे खाणाऱ्यांत पंधरा वर्षांनी या विकाराची प्रगत अवस्था सुमारे 60 टक्के कमी आढळली. ती निरीक्षणात्मक पाहणी होती. तेवढ्यावरून संत्र्याला औषध म्हणता येत नाही.

बदलता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत मोठे व निर्विवाद आहे. त्याने धोका दोन ते चार पट होतो, असे बहुतेक पाहण्या सांगतात. ही मोजमापे बिडी-सिगारेटच्या धुराची आहेत. विदर्भात चघळल्या जाणाऱ्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला ती तशीच लावता येत नाहीत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या निरोगी माणसाला विकारापासून वाचवतात, असा पुरावा नाही. 2001 च्या अमेरिकी चाचणीत जीवनसत्त्वे ‘क’ व ‘ई’, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रुग्णांचा प्रगत अवस्थेकडे जाण्याचा धोका सुमारे 25 टक्के घटला. बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो, म्हणून 2013 च्या चाचणीनंतर त्याऐवजी 10 मिलिग्रॅम ल्युटीन व 2 मिलिग्रॅम झियाझँथिन आले.

घरी करण्याची सोपी तपासणी म्हणजे आम्सलर यांची चौकट : मध्ये ठिपका असलेली उभ्या-आडव्या रेषांची जाळी. वाचण्याचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या दिसल्या वा मध्ये डाग पडला तर थांबू नये, कारण ‘ओल्या’ प्रकारात नवीन रक्तवाहिन्या स्रवू लागलेल्या असतात आणि डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने लवकर मिळाली तरच नजर टिकते. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिल्यास चांगला डोळा दोष झाकतो.

नागपूरजवळच्या खेड्यांत ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ ही लोकसंख्याधारित पाहणी झाली. त्यात तीस वर्षांवरील 4,711 ग्रामस्थ तपासले गेले. प्रगत अवस्था तेथे विरळ आढळली.