सरकलेली खुर्ची आणि अठरा वर्षांची मुदत

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर चाळीसेक वर्षांचा ट्रॅक्टर आहे. इंजिन दोनदा खोललंय आणि ट्रॉलीचा हूक गावातल्या वेल्डरनं बसवलाय. उद्या तो हूक निखळून कुणाला इजा झाली, तर भरपाई कुणी द्यायची? याच प्रश्नानं अमेरिकेतला छोट्या विमानांचा धंदा एकेकाळी जेरीस आणला होता.

छोटं विमान फार टिकतं. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, दरवर्षी सक्तीची तपासणी, साधारण दोन हजार तासांनी इंजिनाची पूर्ण दुरुस्ती. तीस-चाळीस वर्षांत मालक बदलतात, मिस्त्री बदलतात, पाटीवरचं कंपनीचं नाव तेवढं कायम राहतं. १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं घरगुती लाकूडकामाच्या यंत्रानं जखमी झालेल्या माणसाच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, वस्तूत दोष होता एवढं पुरे. हे तत्त्व राज्याराज्यांत पसरलं आणि विमान बनवणाऱ्या कंपन्यांच्या गळ्यात आजवर बनवलेलं प्रत्येक विमान येऊन पडलं. विम्याचा खर्च नव्या विमानाच्या किमतीत चढला.

१९७८ साली अमेरिकेत सुमारे १७,८०० छोटी विमानं बनली होती. १९९४ साली ९२८. सेस्ना कंपनीनं १९८६ मध्येच एका इंजिनाची पिस्टन विमानं बनवणं थांबवलं, पायपर १९९१ साली दिवाळखोरीत गेली. मंदी, इंधनाचे भाव, बाजारातली स्वस्त जुनी विमानं हीही कारणं होती. सगळं खापर वकिलांवर फोडणं मला पटत नाही.

कारण दावे पोकळच होते असं नाही. सेस्नाच्या विमानात पायलटची खुर्ची रुळावर सरकते आणि रुळातल्या भोकात पडणाऱ्या खिळीनं जागी राहते. वर्षानुवर्षं घासून ती भोकं लांबट होतात. उड्डाण करताना नाक वर असतं. खिळी सुटली तर खुर्ची मागे जाते, हातातलं सुकाणू आपसूक मागे ओढलं जातं आणि नाक आणखी उचलतं. मग पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उचल एकदम घटते. जमीन जवळ असताना सावरायला उंचीच उरत नाही. १९८७ साली अमेरिकी नियामकांनी हे रूळ तपासण्याचा आदेश काढला. १९८९ साली फ्लोरिडात पडलेल्या एका विमानाच्या खटल्यात ज्यूरीनं २००१ मध्ये याच मुद्द्यावर ४८ कोटी डॉलर भरपाई ठरवली.

१७ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. वीसपेक्षा कमी आसनांचं, नियमित प्रवासी सेवेत नसलेलं विमान अठरा वर्षांचं झालं की निर्मात्यावर दावा नाही. सेस्नानं कॅन्ससमध्ये नवा कारखाना काढला आणि तिचं ‘१७२’ हे छोटं विमान परत आलं, पण जुनं जसंच्या तसं नाही. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना हवा इतकी गार होते की दमट दिवशी आत बर्फ धरून इंजिन गुदमरतं. नव्या ‘१७२’मध्ये कार्ब्युरेटरच गेला, इंधन थेट फवारलं जाऊ लागलं. खुर्च्याही अपघातात २६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २६ पट, धक्का सोसतील अशा केल्या.

त्या कायद्यात अपवाद आहेत. नियामकांपासून मुद्दाम माहिती लपवली असेल तर संरक्षण नाही, आणि विमानात नसलेल्या माणसालाही मुदत लागू नाही. हे वाचताना मला २६ एप्रिल १९९३ आठवतो. चिकलठाण्याहून उडालेलं प्रवासी विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. चौकशीनं दोष उड्डाणाच्या चुकीच्या पद्धतीला आणि रस्त्यावरची वाहतूक न अडवण्याला दिला. रस्त्यावरच्या माणसानं ना विमान निवडलेलं असतं, ना त्याचं वय पाहिलेलं. हा अपवाद मला अगदी रास्त वाटतो.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रारीची दोन वर्षं मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजली जातात, वस्तू बनल्यापासून नाही. आपल्याकडे छोट्या विमानांचा धंदा उभा राहायचा तर ही वयाची मुदत आधीच ठरवावी, असं मी आग्रहानं म्हणेन. तीही सुट्या भागागणिक. अमेरिकी कायद्यात बदललेल्या भागाची अठरा वर्षं नव्यानं सुरू होतात, म्हणजे रुळातल्या त्या खिळीलासुद्धा स्वतःची जन्मतारीख हवी.