छोट्या बोटीचा नांगर: आजचे आकार आले कुठून

छोट्या हौशी बोटीसाठी नांगर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती किलोचा? बोटीची लांबी सांगितली की कंपनीच्या तक्त्यात वजन सापडतं आणि निवड झाली असं वाटतं. पण तेवढ्याच वजनाचे चार-पाच नांगर शेजारी मांडले तर प्रत्येकाचा आकार निराळा दिसतो. एक शेतातल्या फाळासारखा, एक सपाट पोलादी पात्यांचा, एक पंजासारखा, एक पाठीवर गोल कमान घेतलेला. यातला जवळजवळ प्रत्येक आकार कुणाच्या तरी नेमक्या अडचणीतून निघाला आहे. कुणाला पाण्यावर उतरलेलं विमान धरून ठेवायचं होतं, तर कुणाला सैनिक उतरवून झाल्यावर बोट किनाऱ्यावरून मागे ओढून घ्यायची होती. ती अडचण कोणती होती हे कळलं, की तो नांगर कुठे धरेल आणि कुठे दगा देईल याचा बराचसा अंदाज येतो.

सुरुवात अर्थातच दगडाने झाली. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन इथे इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात बुडालेल्या एका व्यापारी जहाजाचं उत्खनन १९८४ ते १९९४ या काळात झालं. त्या एका जहाजावर २४ दगडी नांगर होते. दोर तुटला किंवा दगड कपारीत अडकला की तो तिथेच सोडून द्यावा लागे, त्यामुळे नांगर ही संपणारी वस्तू होती आणि तिचा साठा बरोबर न्यावा लागे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही असे नांगर मिळाले आहेत. गोव्यात दोनापावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी द्वारका, बेट द्वारका आणि सोमनाथबरोबरच विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या पाण्यातही दगडी नांगर नोंदवले.

या दगडांचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. काहींना फक्त दोरापुरतं एक भोक आहे. ते निव्वळ वजनावर आणि तळाशी होणाऱ्या घर्षणावर बोट धरत. काही त्रिकोणी दगडांना वर एक आणि खाली दोन भोकं आहेत. खालच्या भोकांत लाकडी खुंट ठोकायचे आणि ते तळात रुतायचे. तिसरा प्रकार लांब, चौकोनी छेदाच्या खांबासारखा. त्याच्या खालच्या बाजूला एकमेकांना काटकोनात जाणारी भोकं असतात आणि त्यांतून लाकडी दांडे आरपार घालत. मध्ययुगात भारत आणि अरबस्तान यांच्यात जा-ये करणाऱ्या गलबतांवर हा प्रकार होता. माझ्या मते नांगराच्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी त्या लाकडी खुंटांत आहे. कुणीतरी पहिल्यांदा ओळखलं की वजन वाढवत बसण्यापेक्षा तळात घुसणं जास्त उपयोगाचं आहे. साधा हिशेब करून पाहा. दगड पाण्यात बुडला की आपल्या वजनाचा तिसऱ्या भागाहून अधिक भाग गमावतो. लोखंड जेमतेम आठवा हिस्सा गमावतं. म्हणजे २० किलोचा दगड तळाशी १३ किलोच्याही खालीच भरतो, आणि घर्षणाने त्याला जी पकड मिळते ती त्याहून कमीच.

पुढे रोमन काळापर्यंत लाकूड आणि लोखंडाचे बाकदार हात असलेले नांगर आले. इटलीतल्या नेमी सरोवराचं पाणी १९२८पासून उपसलं गेलं आणि सम्राट कॅलिगुलाच्या काळातली दोन प्रचंड जहाजं उघडी पडली. तिथे दोन नांगर सापडले. एक लाकडी, ज्याची आडवी दांडी शिशाची होती. दुसरा लोखंडी, आणि त्याची आडवी दांडी काढता-घालता येत होती. काढून ठेवता येणाऱ्या दांडीचा हाच नांगर ब्रिटिश नौदलाने एकोणिसाव्या शतकात नव्याने स्वीकारला. मधली अठराशे वर्षं ही युक्ती विस्मरणात गेली होती असंच म्हणावं लागेल.

चित्रात आणि टोपीच्या बिल्ल्यावर दिसतो तो हाच नांगर. आडव्या दांडीमुळे तो तळाशी नीट उलटतो, एक हात खाली जातो आणि त्याचं टोक रुततं. कातळात आणि दाट पाणवनस्पतींत तो अजूनही चांगला धरतो. पण दोन हातांपैकी एकच जमिनीत असतो. दुसरा वर उभा राहून काहीच काम करत नाही, आणि बोट फिरली तर दोर त्याला वेढा घालून नांगर उपटून काढू शकतो. १८५२मध्ये ब्रिटिश नौदलाने समिती नेमून निरनिराळ्या नांगरांच्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. नांगर मोजून-मापून निवडायचा प्रयत्न तेव्हा सुरू झाला असला, तरी मूळ आराखडा तोच राहिला. मोठ्या जहाजांनी पुढे आडवी दांडी टाकून दिली, कारण तसा नांगर सरळ नाळेतल्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातल्या, भोकात ओढून घेता येतो. तो नांगर जड असण्यावरच जगतो, त्यामुळे छोट्या बोटीच्या कामाचा नाही.

याच काळात नांगरापासून वर जाणारी गोष्टही बदलली. ब्रिटिश नौदलातले अधिकारी सॅम्युअल ब्राउन यांनी १८०८मध्ये लोखंडी साखळीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत तागाचे जाडजूड दोर मागे पडले. साखळी खडकावर घासून तुटत नाही आणि तिचं वजन नांगरावरची ओढ तळाला समांतर ठेवतं. छोट्या बोटींना दुसरा मोठा लाभ दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला, तो नायलॉनच्या दोराचा. नायलॉन ताणला जातो आणि लाटेचा झटका स्वतःवर घेतो.

खरी क्रांती केली ती मात्र एका भौतिकशास्त्रज्ञाने. केंब्रिजचे जेफ्री इंग्रम टेलर हे द्रवांच्या प्रवाहाच्या अभ्यासातलं विसाव्या शतकातलं फार मोठं नाव. त्यांची आई मेरी एव्हरेस्ट बूल यांची मुलगी, आणि मेरी या भारताच्या सर्वेक्षणाचे प्रमुख राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. टेलर स्वतः पट्टीचे शिडारी होते. १९२७मध्ये ते पत्नीसह ‘फ्रॉलिक’ या आपल्या बोटीतून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आले होते. मोजक्या माणसांच्या बोटीवर जड नांगर हाताने वर ओढणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

त्यात भर पडली पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची. समुद्री विमानाला नांगर लागतो, पण तिथे प्रत्येक किलो मोलाचा. जुन्या नांगरात तर निम्मं लोखंड वर उभं राहून वायाच जाई. टेलर यांनी प्रश्नच उलटा मांडला. नांगर किती जड असावा हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, की एका किलो लोखंडामागे जास्तीत जास्त पकड कोणत्या आकारातून मिळेल? उत्तर म्हणून १९३३मध्ये त्यांनी सी.क्यू.आर. हा नांगर आणला. दोन्ही बाजूंना उतरती पाती असलेला एकच फाळ, आणि दांड्याला बिजागरीने जोडलेला. तळावर तो आडवा पडतो, ओढ लागली की टोक घुसतं, फाळ सरळ होतो आणि ओढ वाढेल तसा आणखी खोल जातो. बिजागरीमुळे बोट थोडी इकडेतिकडे झुलली तरी दांडा हलतो, फाळ जागेवर राहतो. सगळंच्या सगळं लोखंड आता कामाला लागलं. टेलर यांनी मित्रांबरोबर छोटी कंपनी काढून तो विकला आणि पुढची कित्येक दशकं दूरच्या सफरींवर निघणाऱ्या बोटींच्या नाळेवर तोच दिसत असे. माझ्या दृष्टीने आजचा प्रत्येक चांगला छोटा नांगर टेलर यांच्या त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी १९४०च्या सुमारास वेगळी वाट धरली. त्यांच्या नांगराला दोन मोठी, सपाट, टोकदार पाती असतात आणि ती दांड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांपर्यंत उघडतात. महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या बोटी किनाऱ्याकडे येतानाच हा नांगर मागे टाकत, पुळणीवर चढत, आणि परत जाताना त्याच्याच दोरावर स्वतःला खेचून घेत. या कामात ओढ एकाच दिशेने असते, तळ वाळूचा किंवा चिखलाचा असतो आणि नांगर हलका हवा असतो. हे तिन्ही जिथे जुळतं तिथे डॅनफर्थ अप्रतिम आहे. पण वारा फिरला किंवा भरतीची ओहोटी झाली, की ओढ उलट दिशेने येते आणि तो तळातून निसटू शकतो. पात्यांच्या मध्ये एखादा शिंपला किंवा गोटा अडकला तर पाती उघडतच नाहीत आणि तो पुन्हा रुतत नाही. रात्रभर एकट्या त्याच्यावर झोपू नये ते याच कारणाने. त्याच घराण्यातल्या फोर्ट्रेस या ॲल्युमिनियमच्या नांगरात पात्यांचा कोन ३२ अंशांवरून ४५ करता येतो, आणि मऊ चिखलात त्याचा फरक ठळकपणे जाणवतो.

सत्तरच्या दशकात पीटर ब्रूस यांचा पंजासारखा नांगर आला. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या तराफ्यांमुळे ब्रूस हे नाव मोठं झालं. पंजाला हलणारा भाग नाही, तो पटकन रुततो आणि बोट फिरली की पुन्हा बसतो. मात्र वजनाच्या मानाने त्याची अंतिम पकड कमी, त्यामुळे एक आकार मोठा घ्यावा लागतो. सी.क्यू.आर. बनवणाऱ्या सिम्पसन-लॉरेन्स कंपनीने पुढे बिजागरी काढून टाकलेला, टोकाशी वजन दिलेला डेल्टा आणला.

यानंतरचा बदल बारीक दिसतो, पण मोलाचा आहे. टेलर यांचा फाळ शेतातल्या फाळाप्रमाणे माती दोन्ही बाजूंना सारतो, आणि जास्त जोर आला की तेच त्याला महाग पडतं. नांगराने माती बाजूला सारायची नसते, अडवून धरायची असते. १९८०च्या दशकात जर्मनीत रोल्फ काचिरेक यांनी सपाट टोकदार पात्यावर गोल कमान बसवली. नांगर उलटा पडला तर ती कमान त्याला गडबडा फिरवून टोकावर आणते, त्यामुळे टोकात शिसं भरायची गरज उरत नाही. १९९६च्या सुमारास फ्रान्समध्ये आलें प्वारो यांच्या स्पेड या नांगराने पातं खोलगट केलं. न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांनी २००४मध्ये बाजारात आणलेल्या रोक्ना या नांगरात खोलगट पातं आणि कमान दोन्ही एकत्र आली. चांगल्या घट्ट वाळूत असे नांगर आपल्या वजनाच्या पन्नासपट आणि त्याहून जास्त ओढ सहन करतात. जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनीही हे मोजायची पट्टी ठरवली. तेवढ्याच वजनाच्या साध्या जहाजी नांगराच्या किमान दुप्पट पकड असेल तर ‘उच्च धारणशक्ती’, चौपट असेल तर ‘अत्युच्च’.

आता हे सगळं आपल्या पाण्यात आणून पाहू. कोकणात छोट्या मच्छीमार होड्यांवर आजही चार बोटांचा लोखंडी नांगर असतो. कातळात तो उत्तम अडकतो, स्वस्त पडतो आणि गावचा लोहार तो बनवू शकतो. वाळूत मात्र तो रेघा ओढत जातो, कारण त्याच्या बोटांना पातंच नाही. होडीचा मालक तिथेच जागत बसला असेल तर हे चालतं. हौशी बोट नांगरून किनाऱ्यावर जेवायला जायचं असेल तर चालत नाही.

दुसरी गोष्ट भरतीची. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं. ओहोटीला ३ मीटर पाणी पाहून कुणी पाचपट, म्हणजे १५ मीटर साखळी सोडली, तर भरतीला काय होईल? पाणी ७ मीटर, त्यात पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर, एकूण ८. साखळीचं प्रमाण आता दोनपटही उरलं नाही, ओढ वरच्या दिशेने लागते आणि जगातला सर्वांत महाग नांगरही उपटून निघतो. ८ मीटरच्या पाचपट, ४० मीटर, हा खरा आकडा. बराचसा दोरच असेल तर सातपट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, आणि जोराच्या वाऱ्यात साखळी जवळजवळ सरळ ताणली जाते. तेव्हा तिच्या वजनाचा आधार संपतो, लांबी तेवढी कामाला येते.

मी निवडत असेन तर नाळेवर खोलगट पात्याचा, कमानवाला नांगर ठेवीन, तक्त्यात सुचवलेल्यापेक्षा एक आकार मोठा. कोकणच्या खाड्यांत भरती-ओहोटीबरोबर दिवसातून चार वेळा ओढीची दिशा बदलते आणि हा नांगर प्रत्येक वेळी स्वतःहून पुन्हा रुततो. खाडीच्या आतल्या पातळ चिखलासाठी जोडीला रुंद पात्यांचा हलका डॅनफर्थ घराण्यातला नांगर, उकलून ठेवता येणारा. आणि जिथे तळाशी कातळ आहे तिथे, सिंधुदुर्गाच्या आसपास तो भरपूर आहे, कुठलाही नांगर टाकण्याआधी त्याच्या फाळाच्या बाजूला एक वेगळा बारीक दोर बांधून त्याचं दुसरं टोक पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला लावावं. नांगर कपारीत अडकला तर त्या दोराने तो उलट्या बाजूने ओढून सोडवता येतो.