अर्धी बाटली आणि न फिरणारा स्क्रू

मागच्या वर्षी नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाची एक लाल बाटली आणली. बोटाएवढी. घरी येऊन उजेडात धरली तर आतला द्रव जेमतेम अर्ध्यापर्यंत. परत जाऊन भांडलो. दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "अशीच येते जी ते. पूर्ण भरली तं आतच गोठून जाईल." मला ती शुद्ध थाप वाटली.

थाप नव्हती, हे कळायला माझा चाकू जाम व्हावा लागला.

चाकू घडीचा, खिशात मावणारा. त्याचं पातं एका स्क्रूभोवती फिरून मुठीत मिटतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझच्या पातळ चकत्या, मधून आरपार गेलेली छोटी पोकळ नळी, नळीला आतून आटे आणि त्या आट्यांत बसलेला स्क्रू. जास्त आवळला तर पातं उघडत नाही, सैल सोडला तर डुगडुगतं. नेमकी जागा पाव फेऱ्याच्या आत कुठेतरी असते आणि ती टिकत नाही. कारण पातं उघडता-मिटताना स्क्रूला दर वेळी आडवा हिसका बसतो. स्क्रू सैल होण्यामागे ओढाताणीपेक्षा हे आडवं हलणंच मोठं कारण असतं, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं. हिसक्यासरशी आटे एकमेकांवर किंचित घसरतात, त्या क्षणी घर्षणाची पकड सुटते आणि आट्यांचा उतार स्क्रूला केसभर मागे ढकलतो. असं हजारदा झालं की पातं डुगडुगलंच समजा.

माझं डुगडुगलं मोसंबी कापताना. (संत्र्याला चाकू लागत नाही. नागपुरात संत्र्याला चाकू लावणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात.) म्हणून आट्यांवर तो लाल द्रव सोडला. एक थेंब पुरला असता, मी चार सोडले. वर्षभर पातं झकास चाललं. मग आत रस साचून ते कुरकुरायला लागलं, धुवायला खोलावं म्हटलं तर स्क्रू हलेना.

हा द्रव फेविक्विकच्या अगदी उलट्या स्वभावाचा. फेविक्विकला घट्ट व्हायला हवेतली वाफ लागते, याला हवा नसावी लागते. त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करायला टपलेलेच असतात, पण ऑक्सिजन मध्ये पडून प्रत्येक साखळी सुरुवातीलाच तोडतो. आट्यांच्या फटीत हवा उरत नाही आणि वर लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन साखळीला सुरुवात करून देतात. मग द्रवाचं कडक प्लास्टिक होतं. म्हणूनच बाटली अर्धी रिकामी ठेवतात आणि तीही जिच्यातून थोडा ऑक्सिजन आत झिरपतो अशा प्लास्टिकची. वरची हवा हाच त्या द्रवाचा पहारेकरी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असा द्रव आधीच सापडला होता, पण तो पातळ ठेवायला त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावे लागत. ही कटकट संपवली ती हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी, 1953 मध्ये. लॉकटाइट हे नाव तिथून पुढे आलं. रंगांची रूढ खूण अशी, की निळा द्रव हाताच्या पेचकसाने सुटतो आणि लाल सहसा तापवल्याशिवाय सुटत नाही. मी आणला होता लाल. दुकानदाराशी भांडलो तो मापावरून, रंगाचं विचारलंच नाही.

तर स्क्रू. त्याच्या डोक्यात सहा पाकळ्यांचा खड्डा होता, ज्याला बाजारात स्टार म्हणतात. अधिक चिन्हाच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर लावला की पेचकस वर सरकून निसटतो. स्टारच्या भिंती उभ्या असल्यामुळे पिळाचा जवळजवळ सगळा जोर फिरवण्यातच जातो. सोय खरी, पण निसटणं ही एक प्रकारची सूचनाही असते आणि ती इथे मिळत नाही. माझा स्क्रू टी-8 मापाचा, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 2.3 मिलिमीटर. दहा सेंटीमीटर लांब दांडीच्या टोकाला दोन किलो वजन टांगावं एवढाच पीळ मी दिला असेन. पण तो पीळ मधल्या बिंदूपासून सव्वा मिलिमीटरही दूर नसलेल्या सहा पाकळ्यांवर पडतो. हिशेब केला तर एकेका पाकळीवर तीस किलोच्या आसपास भार येतो. स्वस्तातल्या बिटाचं, म्हणजे पेचकसात बसवायच्या सुट्या काडीचं, टोक मेणासारखं पिळवटलं. बिट गेलं ते बरंच झालं, कारण स्क्रूचा खड्डा गोल झाला असता तर पुढचं काम ड्रिल मशीनचं होतं.

मग घरगुती प्रयोग. पहिला अर्थातच संत्र्याचा. सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं आणि ते पक्कं विरघळवणारं. साल पिळून तुषार फुग्यावर उडवला की फुगा फुटतो, थर्माकोलवर टाकला की खड्डा पडतो, डब्यावरच्या लेबलाचा चिकटा निघतो. स्क्रूवर दोन दिवस थेंब टाकत राहिलो. चाकूला वास छान आला. थर्माकोलमधल्या साखळ्या सुट्या असतात, त्या लिमोनीनमध्ये मोकळ्या होऊन तरंगतात. आट्यांत घट्ट झालेल्या प्लास्टिकमधल्या साखळ्या मात्र एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, विणलेल्या खाटेसारख्या. तिथे द्रव आत शिरला तरी सुटं काही होत नाही. गंजाने जाम झालेला स्क्रू असता तर गोष्ट वेगळी. पातळ तेल फटीत आपोआप चढतं, गंजाची भुकटी ओली होते आणि रात्रभर ठेवलं तर बरेचदा काम होतं. दुखणं कोणतं हे न ओळखता तेल ओतत बसलं की असे दोन दिवस जातात.

दुसरा प्रयोग उन्हाचा. मे महिना होता, पारा पंचेचाळीसला. गच्चीवरच्या पत्र्यावर चाकू ठेवला. पोलाद एक अंश तापलं की लाखातला जेमतेम सव्वा भाग फुगतं, म्हणजे पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी पंचवीस अंशांची वाढ दीड मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. हात मात्र भाजला.

शेवटी बर्डीवर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो, ते खरं म्हणजे चांगलं बिट मागायला. त्याने चाकू हातात घेतला, मी पेचकस धरला तसा म्हणाला, "काहून जोर लावून राह्यले भाऊ? लाल लावलं ना? गरम केल्याबिगर नाही सुटत ते."

त्याने पात्याला ओल्या फडक्याची दोन वेटोळी घातली. हे महत्त्वाचं. पातं कडक असतं ते त्याला दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड केल्यामुळे. पोलाद फार तापलं तर ते पाणी उतरतं आणि धार मऊ पडते. साध्या पोलादावर 230 अंशांच्या आसपास गवतासारखा पिवळा रंग चढतो, 300 च्या सुमारास निळा. रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या इंद्रधनुष्याचंच हे कारण, फक्त इथे थर लोखंडाच्या ऑक्साइडच्या पातळ सायीचा. लाल द्रव ढिला पडायला लागते ती उष्णताही 250 च्या घरातली. म्हणून गॅसच्या ज्योतीवर चाकू धरणं हा मूर्खपणा. मूठ प्लास्टिकची किंवा चकत्या नायलॉनच्या असतील तर तर हातच लावू नये.

त्याने सोल्डरिंगचं टोक थेट स्क्रूच्या खड्ड्यात टेकवलं. खिडकी उघडी होतीच, तरी उग्र वास आला. मिनिटभराने गरम असतानाच नवं बिट उभं दाबून त्याने पीळ दिला. कुरकुर झाली, कटकन काहीतरी तुटलं. मला वाटलं पाकळ्या गेल्या. पण स्क्रू फिरत होता, आणि त्याच्याबरोबर आतली नळीही. असा स्क्रू दिवसभर फिरवा, बाहेर येत नाही. तेव्हा त्याने फडक्यातलं पातं अर्धवट उघडून अंगठ्याने बाजूला रेटून धरलं. नळी पात्याच्या भोकात तिरकी अडकली, स्क्रू एकटा फिरला. आट्यांवर लालसर वाळकी भुकटी होती, ब्रशने झाडली तर धुळीसारखी उडाली.

जाताना त्यानेच निळ्या बाटलीतला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावून दिला. पातं स्वतःच्या वजनाने मिटेल एवढं ठेवलं आणि चोवीस तास उघडू नका म्हणाला. त्या दिवशीची मोसंबी आईच्या विळीवर कापली.