नाशिकमध्ये एआरटी उपचारांसाठी नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि पहिल्या तपासण्या

एचआयव्हीबाधित व्यक्तीचे आयुर्मान मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : उपचार सुरू झाले तेव्हा प्रतिकारशक्ती किती उरली होती आणि त्यानंतर गोळ्यांमध्ये खंड पडला का. म्हणूनच निदान होताच नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातील एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार केंद्रात नाव नोंदवणे हे पुढे ढकलण्याचे काम नव्हे.

पूर्वी सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या ठरावीक मर्यादेखाली आल्यावरच औषधे मिळत. २०१७ पासून ही अट राहिलेली नाही. निदान झालेली प्रत्येक व्यक्ती मोफत उपचारांस पात्र आहे.

नोंदणीसाठी आयसीटीसीचा, म्हणजे शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्राचा अहवाल, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे सोबत ठेवावीत. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल असल्यास आधी आयसीटीसीत जाऊन चाचणी करून घ्यावी. एखादा कागद नसल्यास तसेच माघारी न फिरता समुपदेशकांना स्पष्ट सांगावे, कारण कागदांपायी गेलेले महिने पुढे महागात पडतात. आपली माहिती गोपनीय ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे.

पहिल्या भेटीत खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांविषयी विचारले जाते. ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात, त्यामुळे त्यांपैकी काहीही लपवू नये. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे क्षयरोग हे सर्वांत मोठे कारण आहे. क्षयरोग आढळल्यास त्याची औषधे आधी सुरू होतात आणि एआरटी त्यानंतर लवकरच दिली जाते. सीडी४ पेशींची संख्या २०० च्या खाली असल्यास इतर संधिसाधू, म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणाऱ्या संसर्गांचा धोका फार वाढतो, त्यामुळे त्यासाठी वेगळ्या तपासण्या आणि प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या जातात.

सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचे औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ती एकाच वेळी घेतल्यास डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषले जात नाही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासले जाते; गोळ्या लागू पडत आहेत की नाही, हे खरे त्यातूनच कळते.

द्राक्षबागांच्या हंगामासाठी निफाड-दिंडोरीकडे येणाऱ्या किंवा कामासाठी सुरतेस जाणाऱ्या मजुरांनी निघण्यापूर्वी केंद्रात कळवावे. जास्त महिन्यांच्या गोळ्या देणे किंवा दुसऱ्या केंद्राकडे नोंद वर्ग करणे शक्य असते. अधिक माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे.